सातवी-आठवीची चित्रकला: वस्तुचित्र आणि संकल्पचित्राचा पाया कोणत्या क्रमाने घालावा?

रंगपेटी यांचा प्रश्न

नमस्कार. सातवी-आठवीला चित्रकला शिकवते. वर्गात ४५ मुलं आणि आठवड्याला ३५ मिनिटांच्या दोन तासिका. त्यातली बरीच मुलं एलिमेंटरीला (शासकीय रेखाकला परीक्षेला) बसणार आहेत, म्हणजे वस्तुचित्र, स्मरणचित्र (आठवणीतून काढलेला प्रसंग), संकल्पचित्र (नक्षीची रचना) आणि कर्तव्य भूमिती-अक्षरलेखन, सगळंच करून घ्यायचं आहे. तोल, लय, विरोध, सुसंवाद या तत्त्वांच्या व्याख्या मुलांना पाठ आहेत, पण कागदावर त्यातलं काही दिसत नाही. दर वेळी अडतं ते असं:

तांब्या-पेल्याचं तोंड दोन्ही टोकांना अणकुचीदार येतं आणि तळ मात्र सरळ रेघेचा. छाया द्या म्हटलं की कडेने काळी किनार काढून बोटाने घासतात. संकल्पचित्रात मधे एक फूल, चार कोपऱ्यांत चार पानं, बाकी चौकोन रिकामा. स्मरणचित्रात मागची माणसं हवेत तरंगतात.

सुरुवात कुठून करावी? रंगचक्र आधी घ्यावं की पेन्सिल? आणि इतक्या छोट्या तासिकेत नेमकं काय बसतं?

---

मध्यरेषा

मॅडम, रंगचक्र पुढे ढकला. आधी आकार, मग गडद-फिकट, त्यानंतर रंग. आकार चुकला असेल तर छायेने तो सुधारत नाही, आणि गडद-फिकट कळत नसेल तर बारा रंग हाताशी असूनही चित्र सपाट राहतं.

तोंड टोकदार येतं कारण मुलं वरची कमान आणि खालची कमान अशा दोन वेगळ्या रेषा काढून त्या टोकांना जोडतात. वर्तुळाला कोपरा नसतो, मग ते कुठूनही पाहिलं तरी कोपरा दिसणार कसा, एवढं एकदा पटवावं लागतं. त्यासाठी प्रत्येकाला घरून एक बांगडी आणायला सांगा. एक डोळा मिटून बांगडी आडवी, डोळ्यांच्या पातळीवर धरायची: ती सरळ रेघ दिसते. हळूहळू खाली न्यायची: लंबवर्तुळ उघडत जातं. पार खाली नेऊन वरून पाहिली की पूर्ण गोल. पाच मिनिटांत सगळ्या वर्गाला दृष्टिपातळी समजते.

लगेच वहीत ६ सेंमी रुंदीची पाच लंबवर्तुळं एकाखाली एक काढून घ्या. उंची ०.५, १, १.५, २ आणि २.५ सेंमी. आधी तेवढा आयत, मग त्याच्या आडव्या-उभ्या मध्यरेषा, मग चारही बाजूंच्या मध्यबिंदूंना स्पर्श करणारी एकच सलग रेषा. हात मनगटातून नाही, कोपरापासून फिरवायचा. कागदाला पेन्सिल टेकवण्याआधी दोन-तीन वेळा हवेत फिरवून घेतली की रेषा अडखळत नाही.

तळ सरळ येण्याचं कारण वेगळं आहे. भांडं सपाट टेबलावर ठेवलंय हे मुलांना माहीत असतं, म्हणून ती डोळ्याला दिसतं ते सोडून माहीत आहे ते काढतात. तळ तोंडापेक्षा दृष्टिपातळीपासून आणखी खाली असतो, म्हणून त्याचा बाक तोंडाहून जास्त हवा. इथे सेंमी बघू नका, प्रमाण बघा. तोंड ६ सेंमी रुंद आणि १.५ सेंमी उंच, म्हणजे उंची रुंदीच्या चौथा हिस्सा असेल, तर ३ सेंमी रुंदीच्या तळाची उंची साधारण १ सेंमी, म्हणजे तिसरा हिस्सा धरा. भांडं काचेचं आहे असं समजून तळाचं लंबवर्तुळ मागच्या बाजूसह पूर्ण काढायचं आणि मागचा भाग नंतर पुसायचा. पेला आडवा पडलेला असेल तर लंबवर्तुळाची लांब मध्यरेषा पेल्याच्या मध्यरेषेला काटकोनातच राहते, फक्त दोन्ही मिळून कलतात.

मोजमाप: हात पूर्ण ताठ, एक डोळा बंद, पेन्सिल उभी, अंगठ्याने खूण. यात दोन गोष्टी बिघडतात. एक, कोपर वाकतं आणि प्रत्येक माप वेगळं येतं. दुसरं, पेन्सिलीवरचं माप मुलं थेट कागदावर ठेवतात आणि मोठ्या कागदाच्या मधोमध लिंबाएवढा तांब्या उरतो. हे माप फक्त प्रमाणासाठी आहे: 'रुंदी एक धरली तर उंची सव्वा.' चित्र किती मोठं काढायचं ते आधी कागदावर ठरवा. पाव इम्पिरियल (११ × १५ इंच) कागदावर सगळ्या वस्तूंना वेढणारा एकच चौकोन हलक्या हाताने आखायचा, तो कागदाच्या दोन-तृतीयांश उंचीचा असावा. मग मध्यरेषा, मग तोंड, मान, पोट, तळ अशा चार पातळ्यांवर मध्यरेषेपासून डावी-उजवीकडे समान अंतराच्या खुणा. समतोल तपासायला कागद उलटा धरून बघायला लावा, वाकडेपणा लगेच नजरेत येतो.

मांडणी करताना स्टीलचा तांब्या सुरुवातीला अजिबात ठेवू नका. त्यात खिडकी, ट्यूबलाइट, समोरची मुलं सगळंच दिसतं आणि मूल गोंधळतं. मातीची कुंडी, मडकं, विटांचा तुकडा, कांदा, वांगं असं काहीतरी घ्या. वांग्याचीही थोडी चमक येईल, पण ती एकाच जागी. ४५ मुलांना एक मांडणी पुरत नाही. तीन मांडण्या करा, साधारण गुडघ्याच्या उंचीच्या स्टुलावर, आणि मुलं दीड-दोन मीटरवर अर्धवर्तुळात बसवा. उजेड एकाच बाजूच्या खिडकीचा. दुसऱ्या बाजूच्या खिडक्या आणि ट्यूबलाइट बंद, नाहीतर प्रत्येक वस्तूला दोन-दोन पडछाया येतात आणि छाया शिकवताच येत नाही.

छायेसाठी २ सेंमीच्या पाच चौकटींची पट्टी. पहिली चौकट कोरा कागद. शेवटची ४बीने (मऊ, गडद पेन्सिलीने) जमेल तेवढी गडद. मग मधली, आणि सर्वांत शेवटी उरलेल्या दोन. डावीकडून ओळीने भरत गेलं की तिसऱ्या चौकटीलाच काळोख होतो, म्हणून दोन्ही टोकं आधी. बोटाने घासणं पहिल्या दिवसापासून बंद. बोटाचं तेल कागदाला लागतं, मग तिथे पेन्सिल एकसारखी बसत नाही आणि डाग खोडताही येत नाही.

काळी किनार घालवायची असेल तर मडक्याची सर्वांत गडद जागा बोटाने दाखवायला लावा. ती अगदी कडेला नसते, थोडी आत असते, कारण टेबलावरून परतणारा उजेड कडेला जरासा उजळवतो. हे मुलांनी एकदा स्वतः पाहिलं की किनार आपोआप जाते. पडछाया वस्तूला चिकटून सर्वांत गडद आणि दूर जाताना मऊ होत जाते.

---

ठिपके_जोडा

संकल्पचित्राबद्दल लिहितो. चार कोपरे-चार पानं येतात याचं कारण मुलं फक्त आकार काढतात, आकारांमधली जागा कुणी बघतच नाही. ती बघायला लावणं हेच संकल्पचित्र शिकवणं, असं माझं ठाम मत आहे.

पहिले दोन आठवडे ब्रश नको, पेन्सिलही नको. काळा घोटीव कागद, पांढरा कागद, कात्री, गोंद. १६ सेंमीच्या पांढऱ्या चौकोनावर काळ्या कागदाचे नऊ तुकडे: एक मोठा (साधारण ६ सेंमी), तीन मध्यम (३ सेंमी), पाच लहान (दीड सेंमी). आकार साधे: पान, थेंब, त्रिकोण. चिकटवायचे नाहीत, नुसते सरकवायचे. तीन वेगवेगळ्या मांडण्या करून झाल्यावरच गोंद हातात द्यायचा. पाण्याचं काम नसल्याने ३५ मिनिटांत हे आरामात होतं आणि पुसापुशीही नाही. तोल म्हणजे काय हे इथे दिसतं: मोठा तुकडा डावीकडे सरकवला की मूल स्वतःच उजवीकडे दोन छोटे नेऊन ठेवतं. त्या क्षणी 'हा तोल' एवढं सांगितलं की पुरे. व्याख्या नंतर.

पुढचा खेळ: ८ सेंमीचा काळा चौकोन पांढऱ्या कागदावर मधोमध. त्याच्या कडेतून एक आकार कापायचा आणि कापलेला तुकडा त्याच कडेवर आरशासारखा बाहेर उलटून ठेवायचा. आत पांढरं पान, बाहेर काळं पान. चारही कडांना असं केलं की रिकाम्या जागेलाही आकार असतो हे सांगावंच लागत नाही.

नंतर पेन्सिल. खरी जास्वंद किंवा कण्हेरीची डहाळी समोर ठेवून तीन पायऱ्या: (१) दिसतं तसं निरीक्षणचित्र, (२) फक्त बाहेरची आकृती, आतले तपशील गाळून, (३) तीच आकृती केवळ सरळ रेषा आणि कमानींत बसवून. नैसर्गिक आकारातून आलंकारिक आणि त्यातून भौमितिक आकार कसा निघतो ते एकाच पानावर दिसतं. ही पायरी गाळली तर मुलं गाइडमधलं तेच ते पाच पाकळ्यांचं फूल काढत राहतात. पैठणीच्या पदरावरचा बांगडी मोर दाखवा: गोलाच्या हिशेबाने मोराची मान-पिसारा कसा वळवलाय ते. काठ दाखवा, पुनरावृत्ती आणि एकाआड एक येणारे आकार त्यात आयते मिळतात.

मोठं संकल्पचित्र करण्याआधी ४ सेंमीचे चार छोटे चौकोन, त्यांत चार वेगळ्या कल्पना, फक्त काळं-पांढरं, स्केचपेनने. वही दोन मीटरवर ठेवून डोळे किलकिले करून बघायचं. जो चौकोन अजूनही वाचता येतो, तोच मोठा करायचा.

मांडणीसाठी कागदाच्या घड्या घाला: उभी, आडवी, दोन्ही तिरप्या, म्हणजे आठ त्रिकोण. ज्या मुलांना घरी ठिपक्यांची रांगोळी माहीत आहे त्यांना २ सेंमी अंतरावर ७ × ७ ठिपके देऊन त्यावरच आकार बेतायला सांगा, सुरुवात पटकन होते.

तपासताना मी या चुका बघतो. आकार सगळे सारख्याच मापाचे आहेत का (मग नजर कुठेच थांबत नाही). आकाराचं टोक चौकटीला नेमकं स्पर्श करतंय का: एकतर अंतर सोडा, नाहीतर चौकटीने आकार कापू द्या, स्पर्श नको. आणि ४ मिमीपेक्षा अरुंद फटी आहेत का. त्या २ नंबरच्या ब्रशने या वयात नीट भरता येत नाहीत, रंग बाहेर जातोच.

एका बाबतीत अनेकांशी मतभेद होईल: ट्रेसिंग पेपर मी लगेच देत नाही. पाव भाग काढून चारदा छापला की चित्र नीटनेटकं दिसतं, पण मधला सांधा मुलांनी बघितलेलाच नसतो. चार पाव एकत्र आले की मधे भलताच आकार तयार होतो.

---

मध्यरेषा

ट्रेसिंगबद्दल वेगळं मत. परीक्षेत वेळ मोजका असतो आणि हाताने चारदा काढण्यात तो जातो, शिवाय चौथा पाव पहिल्याशी जुळत नाही. सांध्याची अडचण दोन छोट्या आरशांनी सुटते. पाव भागाच्या दोन आतल्या कडांवर काटकोनात आरसे उभे करा, पूर्ण चित्र आरशात दिसतं. सांधा आवडला नाही तर तिथेच पाव भाग बदला, मग ट्रेस करा. अख्ख्या वर्गाला आरशांची एक जोडी फिरवली तरी भागतं.

---

वारीचं_चित्र

स्मरणचित्रातली तरंगणारी माणसं: मुलांना 'लांबचं लहान' एवढंच सांगितलेलं असतं. म्हणून ती लांबची माणसं लहान करतात आणि मनाला येईल तिथे ठेवतात. नियम क्षितिजरेषेवरून शिकवा. सपाट जमिनीवर उभं राहून पाहणाऱ्याला त्याच्याएवढ्या उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे क्षितिजरेषेवरच दिसतात, ती जवळ असोत की लांब. बदलतात ते पाय: जवळच्याचे कागदात खाली, लांबच्याचे वर, क्षितिजाच्या जवळ. त्यामुळे आधी क्षितिजरेषा, त्यावर डोक्यांच्या खुणा, मग पायांच्या जागा, आणि शेवटी माणूस. मूल पाहणाऱ्याच्या छातीएवढं असेल तर लांब गेल्यावरही ते तिथल्या मोठ्या माणसाच्या छातीएवढंच राहतं. गच्चीवरून पाहिलेला विसर्जनाचा देखावा असेल तर क्षितिज सगळ्यांच्या डोक्यांच्या वर जातं. शाळेच्या पटांगणात पाच मुलं वेगवेगळ्या अंतरावर उभी करून हे प्रत्यक्ष दाखवता येतं. त्यासाठी सारख्या उंचीची मुलं निवडा.

माणसाचं प्रमाण: मोठा माणूस सात डोकी उंच, दहा-बारा वर्षांचं मूल सहा डोकी धरा. उंचीचा मध्य कमरेवर नसतो, जांघेच्या पातळीवर असतो. मुलं मध्य कमरेवर धरतात म्हणून पाय आखूड येतात. हात खाली सोडले की बोटं मांडीच्या मध्यापर्यंत पोचतात, कोपर कमरेच्या रेषेत.

रोज तासिकेच्या सुरुवातीला दोन मुलांना बाकावर उभं करून दोन-दोन मिनिटांची रेखाटनं घ्या. चारच खुणा: डोकं, खांद्यांची रेषा, कमरेची रेषा, भार ज्यावर आहे तो पाय. एका पायावर भार टाकून उभ्या माणसाच्या गळ्याची खळी त्या पायाच्या बरोबर वर येते. ओळंब्याला दोरा बांधून तपासता येतं. हे चुकलं की माणूस पडतोय असं वाटतं. खांदे आणि कंबर विरुद्ध बाजूंना कलणं समजवायला वारली चित्रं फार उपयोगी पडतात: टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण, वरचा एकीकडे कलला की खालचा दुसरीकडे. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) यांच्या चित्रांतल्या गर्दीत प्रत्येक आकृतीची हालचाल वेगळी आहे, ती मुलांकडून शोधून घ्या. मात्र वारली केवळ हालचालीसाठी. विषय 'आठवडी बाजार' असेल तर प्रमाण आणि खोली दोन्ही दिसायला हवीत.

मांडणीत एक तरी माणूस कागदाच्या निम्म्या उंचीचा असू द्या, पाठमोरा चालेल. बाकीचे त्याच्यामागे अर्धवट झाकलेले. सगळे सुटे-सुटे उभे केले की बाजार बाजार वाटत नाही.

---

शिरोरेषा_४

अक्षरलेखनाचं थोडक्यात. देवनागरीसाठी आठ चौकटी उंचीची पट्टी आखा: दोन वर (मात्रा, वेलांटी, रफार), चार अक्षराच्या अंगासाठी, दोन खाली (उकार). शिरोरेषा आणि उभा दंड यांची जाडी एकच. मुलं अंगासाठी सगळी उंची वापरतात आणि मग वेलांटी चौकटीबाहेर जाते. अक्षरांमधलं अंतर पट्टीने मोजून समान ठेवायचं नाही. 'ग' आणि 'ण' यांच्या दंडांपाशी जास्त जागा सोडावी लागते, 'ट', 'ठ', 'ढ' यांच्या गोलाईपाशी कमी. मधल्या पांढऱ्या जागेचं क्षेत्रफळ सारखं वाटलं पाहिजे.

भूमितीत कंपासची शिसपेन्सिल सुईच्या टोकाच्या पातळीत, तासून चपटी. रचनेच्या रेषा २एचने (कडक, फिकट पेन्सिलीने) बारीक, उत्तराची आकृती एचबीने ठळक. रचनेच्या रेषा पुसू देऊ नका.

---

रंगपेटी

फार उपयोगी, सगळ्यांचे आभार. बांगडी आणि घोटीव कागद या आठवड्यातच घेते. एक राहिलं: पोस्टर कलर. सपाट लेपच येत नाही. कुठे चट्टे, कुठे खालची पेन्सिल दिसते, काही ठिकाणी वाळल्यावर तडे. आणि जांभळा कायम मळकट येतो. ३५ मिनिटांत रंगकाम उरकतही नाही.

---

ठिपके_जोडा

आधी तासिकेचं: मुख्याध्यापकांना विनंती करून दोन तासिका लागोपाठ घ्या, निदान रंगकामाच्या महिन्यात. ३५ मिनिटांतली दहा पाणी-रंग मांडण्यात आणि आवरण्यात जातात.

रंगाचा दाटपणा ताकापेक्षा जास्त, दह्यापेक्षा कमी. रफ कागदावर पेन्सिलची रेघ काढून तिच्यावर एक पट्टा मारायचा. रेघ दिसली तर पाणी जास्त. ब्रश अडखळून पट्ट्यात कागद दिसला तर रंग जाड. जाड थरालाच तडे जातात, विशेषतः पहिला थर वाळायच्या आत दुसरा चढवला तर. चट्ट्यांची मुख्य कारणं दोन: अर्धवट वाळलेल्या जागी पुन्हा ब्रश फिरवणं, आणि मधेच रंग संपल्यावर नवा कालवणं. दुसऱ्यांदा तीच छटा जमत नाही, म्हणून त्या छटेचे सगळे भाग पुरतील एवढा रंग एकदाच कालवून झाकणाच्या डबीत ठेवा. वाळल्यावर फिकट छटा थोड्या गडद होतात आणि गडद छटा थोड्या फिकटतात, तेव्हा छटा ठरवताना वाळलेला नमुना बघा, ओला नाही.

मोठी जागा असेल तर ६ किंवा ८ नंबरचा ब्रश, कड २ नंबरने आधी बांधून घ्यायची आणि ती ओली असतानाच आत भरायचं. शेजारचा भाग पहिला पूर्ण वाळल्याशिवाय घ्यायचा नाही. वाट बघायला नको म्हणून बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक भाग घेत जा.

फिकट छटा करताना पांढऱ्यात रंग घालायचा, रंगात पांढरा नाही. उलट केलं तर अर्धी बाटली पांढरा जातो तरी छटा गडदच. पिवळ्यात निळा घालतानाही तसंच, ब्रशच्या टोकावर येईल एवढाच. प्रशियन ब्लू तर फारच जोरकस आहे.

जांभळा मळतो कारण मुलं व्हर्मिलियन वापरतात. तो लाल नारिंगीकडे झुकलेला, म्हणजे त्यात पिवळ्याचा अंश. निळा मिसळला की तिन्ही प्राथमिक रंग (लाल, पिवळा, निळा) एकत्र येतात आणि तपकिरी करडा तयार होतो. क्रिमसन (जांभळ्याकडे झुकणारा लाल) आणि अल्ट्रामरीन (जांभळ्याकडे झुकणारा निळा) घ्या. व्हर्मिलियन नारिंगीसाठी ठेवा. स्वच्छ हिरव्यासाठी लेमन यलो आणि प्रशियन ब्लू. रंगचक्र शिकवायचं ते इथे, ही अडचण आल्यावर. सहा भागांचं पुरतं, बारा भागांत दोन तासिका जातात.

एका संकल्पचित्रात तीन रंग, शिवाय पांढरा आणि काळा. निम्मा भाग मधल्या छटांचा, सुमारे तिसरा हिस्सा फिकट, उरलेला थोडा गडद, आणि तो गडद भाग जिथे नजर जायला हवी तिथे. आधी केलेलं काळं-पांढरं चित्र शेजारी ठेवून रंगवायला सांगा म्हणजे ही वाटणी सुटत नाही.

प्रत्येक बाकावर पाण्याची दोन भांडी: एक ब्रश धुवायला, दुसरं फक्त रंग कालवायला. एकच भांडं असलं की तिसऱ्या रंगापासून सगळंच करडं होतं. शेवटची पाच मिनिटं ब्रश धुण्यासाठी राखून ठेवा. धुतल्यावर केस ओठांऐवजी बोटांनी टोकदार करायचे आणि ब्रश आडवे वाळवायचे. केस खाली करून भांड्यात ठेवले तर ते वाकतात, आणि केस वर करून ओलेच उभे ठेवले तर पाणी पत्र्याच्या पट्टीत उतरून केस सुटतात.

---

मध्यरेषा

यात एकच भर. रंगकामाआधी पेन्सिलच्या रेषा खोडरबर दाबून हलक्या करा, घासून नाही. घासल्याने कार्ट्रिज कागदाचा पृष्ठभाग उचलला जातो, तिथे रंग जास्त शोषला जातो आणि चट्टा पडतो. वस्तुचित्राची खाडाखोड जास्त होत असेल तर मुलांना आराखडा रफ कागदावर करून, मागे ४बी फासून चांगल्या कागदावर उतरवायला शिकवा. उतरवताना २एच वापरा, जोर न देता, नाहीतर खाली चर पडते आणि त्यात रंग साचतो.